तुरीनच्या गाडीचे डावे तोंड

मी, मजीद हुसेन होडेकर, वय वर्षे चोपन्न, मूळ राहणार दाभोळ, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम दोहा, कतर, धंदा मोटारींचे पत्रेकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते पोट. येत्या गुरुवारी इथल्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. म्हणूनच हा कागद घाईने न लिहिता सावकाश लिहितो आहे. कोणाची जबरदस्ती नाही. माझी बायको जैतून शेजारी बसून "अक्षर जरा मोठं काढा" एवढेच सांगते आहे.

कलम १. माझे काही बरेवाईट झाले तर मला इथेच दफन करावे. मयत बोटीने दाभोळला नेण्याचा खटाटोप करू नये. सतरा वर्षे ही जमीन मला सोसते आहे, पुढेही सोसेल.

कलम २. दाभोळचे घर, त्यामागची आठ माडांची वाडी, आणि इथली शिल्लक, या सगळ्याचे तीन भाग करावेत. दोन भाग शरियतप्रमाणे जैतून आणि माझा मुलगा रियाज यांचे. रियाज जहाज कंपनीत कारकून आहे. त्याला पत्र्याचा आवाज लहानपणापासून सहन होत नाही. त्याबद्दल माझ्या मनात आता राग नाही. एके काळी होता, हे लिहून ठेवतो, कारण त्यालाही ते माहीत आहे.

कलम ३. उरलेला तिसरा भाग, आणि त्यातच धरून गॅरेजमधली सर्व हत्यारे, म्हणजे हातोड्या, लाकडी मोगऱ्या, ऐरण, कातऱ्या आणि वेल्डिंगचा सरंजाम, माझी पुतणी रबिया रहमान होडेकर हिला द्यावा. त्यातून तिने मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत शिकावे.

हे कलम नीट समजावून सांगणे भाग आहे. रबिया माझी पोटची मुलगी नाही. माझा धाकटा भाऊ रहमान इथेच कतरमध्ये दुखानला तेलाच्या कामावर होता, तो पंचावन्न साली तापाने गेला. तिची आई त्याच्या आधीच गेली होती. पाच वर्षांची रबिया जैतूनच्या मांडीवर आली ती आमचीच झाली. परंतु माझा मुलगा हयात असताना कायदा पुतणीला काही देत नाही. मी लिहून ठेवले तरच तिला मिळेल, आणि तेही तिसऱ्या हिश्शापर्यंतच. म्हणून हा सगळा कागद.

आणि तिलाच का, तेही सांगतो.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात सालेम शेख यांनी इटलीहून एक गाडी मागवली. सालेम शेख मोत्यांच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या घरातले, आणि माझे गॅरेज त्यांच्याच नावावर चालते. गाडी तुरीनच्या प्रदर्शनात मांडण्यासाठी बनवलेली होती. तशी दुसरी नव्हती. उंची माझ्या कमरेइतकी, रंग पिकल्या कोकमासारखा, तोंड पुढे निमुळते होत गेलेले, आणि दिवे झाकणांच्या आत मिटलेले. अंगावर एकही सरळ रेघ नाही, तरी उभ्या जागी ती धावते आहे असे वाटे.

आमच्या बंदरात पाणी उथळ, मोठे जहाज लांबच उभे राहते. जहाजावरून गाडी माल वाहणाऱ्या पडावात उतरवताना दोर सुटला आणि गाडी डाव्या गालावर आपटली. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कागदासारखा चुरगळला. मोठ्या गॅरेजच्या साहेबांनी पाहून सांगितले, परत इटलीला पाठवा, आठ-दहा महिने लागतील.

मी तिथेच उभा होतो. म्हणालो, "शेख, मी करतो."

ते म्हणाले, "मजीद, ही लॉरी नाही."

"लॉरी नाही हे दिसतंय मला."

"बिघडवलीस तर?"

"तर गॅरेजची चावी तुमच्या हातात देईन आणि गावी जाईन."

"ईदला ही गाडी मला दारात हवी," ते म्हणाले. ईदला चाळीस दिवस होते. घरी येऊन जैतूनला सांगितले तेव्हा तिने ताट वाढून पुढे ठेवले आणि पाठ फिरवून झोपली.

माझा बाप दाभोळच्या खाडीवर होड्या बांधायचा. कागदावर कधी नकाशा काढला नाही. आधी लाकडाच्या फासळ्या उभ्या करायच्या, मग त्यावर फळी वाकवायची. मी तेच केले. गाडीची उजवी बाजू शाबूत होती. तिच्यावर प्लायवूडचे तुकडे बसवून घाट उतरवला, तो उलटा करून डाव्या बाजूच्या फासळ्या केल्या, आणि वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून त्यांच्यावर बेतला. एकोणतिसाव्या दिवशी डावे तोंड तयार झाले. बसवून पाहिले. दाराजवळ फट राहिली, करंगळी जाईल एवढी. दिव्याचे झाकणही बसेना. मी माप पुन्हा घेतले, तिसऱ्यांदा घेतले. माप बरोबर होते.

रबिया तेव्हा चौदा वर्षांची. रमजान चालू होता, म्हणून संध्याकाळी रोजा सोडायला डबा घेऊन यायची आणि मी जेवेपर्यंत पिंपावर बसून काहीतरी काढत राहायची. प्रदर्शनाच्या वेळचे एक छापील पत्रक गाडीबरोबर आले होते, त्यात गाडीचा समोरून काढलेला फोटो होता. ती बराच वेळ तो बघत होती.

"चाचा, तुम्ही दोन्ही बाजू सारख्या केल्यात."

"मग? सारख्याच असतात."

"फोटोत नाहीत. डावा डोळा खाली आहे."

"कॅमेऱ्याचा दोष असेल."

"आणि दाराची फट? तीपण कॅमेऱ्यानेच पाडली?"

मी जेवण तसेच ठेवले. तिने भिंतीला खाकी कागद चिकटवला आणि फोटोवरून ते तोंड गाडीच्या खऱ्या आकारात काढले. दोन तास लागले. मग आम्ही दोघांनी मोजले. डावी बाजू बोटभर फुगीर होती, आणि तिचा दिवा उजव्या दिव्याहून थोडा खाली. इटलीत ज्या कोणी ती ठोकली, त्याने डोळ्याच्या अंदाजाने ठोकली होती. माझ्या बापाची होडीही एका अंगाला किंचित झुकायची. तरी पाण्यात ती सरळ जायची. हे मला आठवायला हवे होते, पण आठवले नाही. मुलीने दाखवले.

तयार केलेला पत्रा मी कातरीने कापून टाकला. रियाज ऑफिसातून आला होता, तो म्हणाला, "अब्बा, अकरा दिवस राहिलेत." मी म्हणालो, "मग उभा राहू नकोस, फासळ्या धर." तो कोट काढून खाली बसला. ते अकरा दिवस तो रोज संध्याकाळी आला, कानात कापूस घालून. त्याच्यावरचा माझा राग तिथेच संपला.

ईदच्या सकाळी गाडी शेखांच्या दारात उभी होती. त्यांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि शेवटी विचारले, "आपटली ती कुठली बाजू?" जैतूनने त्या दिवशी शीरखुर्म्यात खजूर जरा जास्तच घातले.

पुढच्या वर्षी तुरीनहून रेनातो नावाचे वयस्क कारागीर शेखांच्या कामासाठी आले. त्यांनी डोळे मिटून गाडीवरून हात फिरवला. दुभाष्यामार्फत विचारले, डावी बाजू वेगळी आहे हे तुला कोणी सांगितले? मी रबियाला पुढे केले. त्यांनी तिचे खाकी कागद एकेक करून उलगडले, आणि म्हणाले, ही मुलगी चित्रकला रीतसर शिकली की मला कळवा, आमच्याकडे काढणारे पुष्कळ आहेत, बघणारे थोडे. पत्ता त्यांनी स्वतः लिहून दिला. तो जैतूनच्या पेटीत आहे.

कलम ४. माझे थोरले बंधू अबूबकर यांच्याविषयी. दोन वर्षांपूर्वी दाभोळला सगळ्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले होते, "रहमानची पोर तू पत्र्याच्या दुकानात बसवलीस. तिला कोण करून घेणार?" मी पान न खाता उठलो. तेव्हापासून पत्रव्यवहार बंद. त्यांना माझ्याकडून काही जाऊ नये, असे मसुद्याच्या या कलमात मी लिहिले होते.

परंतु ऑपरेशनचे कळताच भाय मुंबईहून बोटीने आले आहेत. काल हा मसुदा मी त्यांच्या हातात दिला. ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत बसले. मग विचारले, "ती गाडी अजून आहे?" रियाज त्यांना दाखवायला घेऊन गेला. परत आले ते हातपाय धुऊन जेवायला बसले. जेवताना म्हणाले, "साक्षीदार कोण आहे?"

मी म्हणालो, "खतीब मास्तर."

"दोन लागतात. दुसरा मी."

"कलम चार वाचलंत ना?"

"वाचलं. खरं आहे ते. राहू दे."

म्हणून ते राहू दिले आहे.

कलम ५. वरील व्यवस्थेस जैतून आणि रियाज यांची संमती आहे, ती त्यांनी साक्षीदारांसमोर तोंडी दिली.

दोहा, ता. १४ एप्रिल १९६८
सही: मजीद हुसेन होडेकर
साक्षीदार: इब्राहीम खतीब, मास्तर
साक्षीदार: अबूबकर हुसेन होडेकर

पुरवणी.

मी, तोच मजीद होडेकर, वरील मृत्युपत्रास खालील मजकूर जोडतो. ऑपरेशन चांगले झाले. तीन आठवडे पेज खाल्ली, आता मासळी खातो. हातोडी उचलायला डॉक्टरांनी महिन्याभराने सांगितले होते, मी वीस दिवसांनी उचलली.

रबियाला मुंबईत प्रवेश मिळाला. भाय तिला बरोबर घेऊन गेले. फॉर्मच्या खिडकीवरच्या बाबूने विचारले, "मुलीचे वडील काय करतात?" रबिया लिहिते, मोठे चाचा पुढे झाले आणि म्हणाले, "आमच्या घरात होड्या आणि मोटारी बनतात. पुढचं लिहा." ती जैतूनच्या बहिणीकडे, नफिसा खालांकडे, भायखळ्याला राहते. पहिल्या आठवड्यात त्यांना मडके काढायला दिले होते. तिने त्याची वाकडी बाजू वाकडीच काढली, आणि मास्तरांनी ते भिंतीवर लावले.

तिच्या शिक्षणाचा खर्च मी जिवंतपणीच सुरू केला आहे. तेव्हा कलम ३ मधले चित्रकलेच्या शाळेचे वाक्य आता मृत्युपत्रातून काढून टाकावे, तिचा हिस्सा आहे तसाच राहील. मृत्युपत्र तेवढे आखूड झाले, याचा मला आनंद आहे.

दोहा, ता. २१ जुलै १९६८
सही: मजीद हुसेन होडेकर
साक्षीदार: इब्राहीम खतीब, मास्तर
साक्षीदार: सालेम शेख यांनी अरबीत सही केली