हाताचा अंदाज

३ मार्च

चि. गोळीबाईस अनेक आशीर्वाद.

औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहून तुझी कंबर धरते असं कळलं. आता माझं ऐक. मूत्रपिंडं जेमतेम पाव हिश्शानं चालतात, रक्तातली आम्लता वाढली आहे, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाकिटावरचं नाव वाचून मला हसूच आलं. अगं, हा तर आपला खायचा सोडा! बेकरीत डबा भरलेला असतो. गोळ्या संपल्यावर मी नव्या आणल्याच नाहीत. सकाळी भट्टी पेटवली की चमचाभर सोडा पाण्यात ढवळून पितो. चाळीस वर्षं बिस्किटांत हाताच्या अंदाजानं घालतोय, कधी चुकलो नाही. तुझ्या वहिनीला सांगू नकोस, डोकं खाईल. तुला माझी शपथ.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, लगेच लिहायला बसले. औषध तेच असलं तरी किती द्यायचं ते रक्त तपासून ठरवतात. चमच्यानं ढवळून पितोस त्या सोड्यातला क्षार मिठासारखाच अंगात पाणी धरून ठेवतो. आधी पाय सुजतात, मग छातीत पाणी होतं. तू काही बिस्किट नाहीस.

नडगीवर अंगठ्यानं दाबून बघ. खड्डा पडला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि सगळं खरं सांग. शपथ घातलीस म्हणून वहिनीशी गप्प आहे, पण मला हे पटत नाही.

रागावले तरी लोभ तुझ्याकडूनच हवा.

तुझी गोळीबाई

१६ मार्च

चि. गोळीबाईस आशीर्वाद.

दाबून पाहिलं. खड्डा पडतो, मळलेल्या पिठात पडावा तसा. बूट चढत नाहीत, म्हणून चपला घालतो. भट्टीपाशी उकडतं, असं घरी सांगितलंय. खरं सांगतो, थकवा यायला लागला तसा मी सोडा वाढवला होता. बिस्किट फुललं नाही की आम्ही तेच करतो. आता बंद केलाय. शाळेची पावांची मोठी ऑर्डर शुक्रवारी गेली की डॉक्टरांकडे जातो. तोवर मूग गिळून गप्प बस.

तुझा दादा

२ एप्रिल

चि. गोळीबाईस आशीर्वाद.

तेरावं झाल्यावर तू परत गेलीस, मग यांचा एप्रन धुवायला काढला. खिशात तुझं पत्र होतं. पुन्हा पुन्हा वाचून घड्यांवर फाटायला आलेलं.

त्या गुरुवारी यांना श्वास घेता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं, घरचं काही औषध घेतात का. मी ठासून नाही म्हणाले. यांचं ताट मी वाढते, मला माहीत नाही असं काय असणार, असंही वर म्हणाले. यांच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघत बोट सारखं गोल गोल फिरवत होते. मला वाटलं बेकरीची काळजी लागली आहे. मी तो हात धरून ठेवला आणि सांगितलं, पाव वेळेवर जातील. ते चमचा ढवळून दाखवत होते, हे तुझं पत्र वाचल्यावर कळलं.

एकदा मला सांगायचं होतंस गं.

लोभ होता तेवढाच आहे. रागही आहे. तो ओसरेपर्यंत तू पत्र लिहीत राहा, मी उत्तर देईनच असं नाही.

तुझी वहिनी