सुलतान बेपत्ता

८ ऑक्टोबर, बुधवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. भंडाऱ्यात हे वाचून समजेल असा माणूसच नाही, त्यामुळे कुलूप लावायचीही गरज नाही.

सुलतानला येऊन महिना झाला. पूर्ण शहरातला पहिला पाळीव टॅरेंट्युला. अजून पिल्लू आहे, अंगठ्याच्या नखाएवढं, पण रक्त ब्राझीलचं. घरात कोणाला किंमत नाही. आई मकडी म्हणते. बाबा म्हणतात, लोक मकड्या झाडून बाहेर काढतात, आमचा कुंदन पुण्याहून कुरिअरने घरी मागवतो. बाबांचं खाली कोसा साड्यांचं दुकान आहे, वर आम्ही राहतो. जन्मभर रेशमाच्या किड्यांवर पोट भरलं आणि किड्यांबद्दल आदर शून्य. व्यापाऱ्याची झेप ती केवढी.

कामाची वाटणी स्पष्ट आहे. निरीक्षण, संशोधन आणि होऊ घातलेलं यूट्यूब चॅनल माझ्याकडे. खाऊ घालणं, पाणी शिंपडणं, घाण काढणं ही मजुरी स्वातीकडे. बायको आंबागडची, धानाच्या बांधावर वाढलेली, किडे धरायचं तिला काही वाटत नाही. मी सुलतानला हात लावत नाही. शास्त्रज्ञाने नमुन्यापासून अंतर ठेवायचं असतं.

आज स्वाती बाजारात गेली होती, म्हणून दिवाळीची साफसफाई मी मनावर घेतली. सुलतानला लपायला एक फुटका कोसा दिलेला आहे, म्हणजे पाखरू बाहेर पडून भोक राहिलेला रेशमाचा कोश. कल्पना माझी. पुण्याच्या शहाण्यांना सात जन्मात सुचली नसती. तो मळला होता. लांब चिमट्याने उचलला, खाली दुकानात फुटक्या कोशांचं पोतं असतं त्यात टाकला आणि डब्यात नवा ठेवला. आत डोकावलो नाही. दिवसा सुलतान मातीत असतो, हे मला माहीत आहे.

काम फत्ते. स्वातीला हेच करायला तास लागतो.

९ ऑक्टोबर, सकाळ

सुलतान नाही.

डबा टॉर्चने पाहिला. चारही बाजूंनी. नाही. झाकणाला हवेची भोकं आहेत, मीच पाडलेली, जरा ऐसपैस. असो, हवा महत्त्वाची.

मी परिस्थिती ओळखून तत्क्षणी खोली सील केली. बाहेर आलो, दार ओढलं, कडी घातली, फटीत टॉवेल कोंबला. जगभर हेच करतात. स्वाती आणि तृप्ती आत झोपलेल्या होत्या ही बारीक गोष्ट घाईत निसटली. नंतर लक्षात आली, पण तेव्हा दार उघडलं असतं तर सीलला काय अर्थ राहिला असता? स्वाती दार वाजवायला लागली. तृप्ती रडायला लागली. पोरगी तीन वर्षांची आहे, रडतेच. मी बाहेरून सूचना देत होतो, हलू नका, खाटेवर उभ्या राहा. शेवटी देवपूजा टाकून आई आली आणि तिने कडी काढली. अशिक्षितपणाने सगळं क्वारंटाइन वाया घालवलं.

दुपार

आईला डब्यातली माती उकरायला लावली. मातीत नाही. म्हणजे पळालाच.

स्वाती तृप्तीला घेऊन माहेरी गेली. भाऊबीजेला जायचंच होतं, थोडी आधी गेली. मकडीला घाबरली असणार, गावची माणसं वरून धीट दिसतात. बाबा बसस्टँडवर सोडायला गेले. मला सर्च ऑपरेशनमुळे जमलं नाही.

११ ऑक्टोबर

सर्च ऑपरेशन जोरात. मी टेबलावर उभं राहून दिशा देतो, आई झाडू घेऊन खाटेखाली जाते. या वयातही तिला चांगलं वाकता येतं. मध्येच म्हणते, तूच वाक ना रे बाबू. नियोजन आणि अंमलबजावणी यातला फरक तिला कसा समजावणार.

जमिनीवर गव्हाचं पीठ भुरभुरवलं, पावलांचे ठसे मिळावेत म्हणून. सकाळी ठसे मिळाले. आईचे.

मुक्काम खाली दुकानातल्या गादीवर हलवला आहे. घाबरून नाही. मुख्यालय घटनास्थळापासून दूर असावं.

१३ ऑक्टोबर

नागरिक म्हणून कर्तव्य केलं. दुकानाच्या दारावर पाटी लावली: ‘येथे टॅरेंट्युला असण्याची शक्यता आहे. घाबरू नये.’ तुमसरहून एक आख्खं वऱ्हाड बस्ता काढायला आलं होतं, ते पाटी वाचून समोरच्या दुकानात गेलं. वाचता येतं पण शेवटची ओळ समजत नाही, असा हा समाज. बाबांनी पाटी फाडली आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिवाळीच्या आठ दिवसांत लोक आपली लायकी दाखवतात.

पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला. म्हणे, पिल्लू फार लांब जात नाही, अंधारी, कोरडी, बंदिस्त जागा बघा. तशी जागा म्हणजे तर आख्खं भंडारा. म्हणे, तुम्ही शेवटचं त्याला कधी पाहिलं होतं? अशा भोचक प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१५ ऑक्टोबर

स्वातीचा फोन आला. मला नाही, आईला. निरोप एवढाच, की कोशात पाहिलं का विचारा, तो दिवसभर कोशातच राहते. मी आईला सांगितलं, कळव तिला, डब्यातला कोसा पालथा करून पाहिला, आत काही नाही. घरबसल्या सल्ले द्यायला काय जातं.

आई म्हणाली, “तू काहून नाही बोलत तिच्याशी? तुयीच बायको आहे.”

कामात होतो.

संकल्प: १. रोज पहाटे उठून भिंतींचे कोपरे तपासणे. २. सुलतान सापडताच त्याला कॅमेऱ्यासमोर तळहातावर घेणे. ३. स्वातीला स्वतःहून फोन न करणे, शिस्त बिघडते.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

पहिला संकल्प पुढे ढकलला. पहाटे गारठा असतो.

आज मंडईचा विषय निघाला. या झाडीपट्टीची ही एक मोठी संस्कृती. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जिलेबी आणि पाळणे, रात्री दंडारीचा नाच नाहीतर नाटक, घरात पाहुण्यांचा बाजार. सासऱ्याने जावयाला बोलावणं धाडायचं अशी रीत. बोलावलं नाही तर सगळं गाव समजायचं ते समजतं. माझे सासरे जागेश्वरमामाजी दसरा झाला की लगेच फोन करतात: जवाई, मंडईले या. दरवर्षी मी कुरकुरत जातो. जिलेबी तेलकट, नाटक रडकं, आणि शेजारी बसलेला प्रत्येक जण विचारतो, काय करता जी?

दसरा होऊन पंधरवडा उलटला. यंदा फोन नाही. सुटलो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फोन नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा. आंबागडच्या बाजूला जंगल आहे.

दिवे लावताना बाबांनी तृप्तीसाठी आणलेल्या फुलझड्या तशाच परत कपाटात ठेवल्या. मला दाखवून ठेवल्या. नाटकी माणूस.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बाबांना माझ्या नंबरवर फोन लावायला सांगितला. वाजला. म्हणजे माझा फोन चांगला आहे. मामाजींचाच बिघडला.

सुलतान मेला असावा, असं आज पहिल्यांदा वाटलं. वाईट वाटलं. भिंतीच्या कोपऱ्यात पाहायला गेलो होतो, एक पाल दिसली, परत आलो.

२६ ऑक्टोबर, रविवार

सापडला!

रुखमिणीबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती आमच्या फुटक्या कोशांचं सूत काढते. दिवाळी झाली म्हणून पोतं तिच्याकडे गेलं. उकळायला टाकण्याआधी ती एकेक कोसा हलवून पाहते म्हणे. एकातून साहेब चालत बाहेर आले. स्टीलच्या डबीत घालून ती आज घेऊन आली. आईला म्हणाली, पोरानं पाळलेली मकडी हेच का पाहा, नाहीतर सोडून देतो बांधावर. डबीला हवेची भोकं नव्हती. मी तिला ते दाखवून दिलं. आईने तिला चहा दिला, फराळ दिला, लुगडं दिलं. एवढं कोणी माझ्या संशोधनाला दिलं नाही.

बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, मकडी पोत्यात गेली कशी? मी म्हटलं, स्थलांतर. निसर्गात होतं.

बाबा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. अज्ञान माणसाला असं निःशब्द करतं.

संकल्प क्रमांक २ आज पार पडला असता, पण उजेड कमी होता. सुलतानला डबीतून डब्यात आईने ओतलं. फोटो आईने काढला. मी स्वातीला पाठवला, खाली लिहिलं: मिशन सक्सेसफुल. आता ये.

निळ्या खुणा लगेच आल्या.

२९ ऑक्टोबर

उत्तर नाही. आनंद पचवायला काही लोकांना वेळ लागतो.

सुलतान काही खात नाही. आईने छोटा नाकतोडा टाकला, त्याला त्याने ढुंकून पाहिलं नाही. डब्यात पाणी कुठून शिंपडायचं, किती शिंपडायचं, आम्हा दोघांनाही माहीत नाही. विचारायला फोन करावा लागेल, आणि संकल्प ३ आहे.

३१ ऑक्टोबर

आईला कुठून तरी कळलं, की रविवारी आंबागडची मंडई. मी ठरवलं, जायचं. बोलावणं नसताना जाणं हलक्या लोकांना लागतं, मला नाही. मी पाहुणा म्हणून जातच नाहीये. पुरावा घेऊन जातोय. मकडी पळाली म्हणून ती गेली, मकडी मिळाली म्हणून ती येईल. गणित सोपं आहे. परतीला तिच्या बॅगा मी उचलीन, मोठेपणा दाखवीन.

३ नोव्हेंबर, सोमवार

कालचं लिहितो.

तुमसरपर्यंत बसने गेलो. डबा पिशवीत घालून शेजारच्या माणसाच्या पायाशी ठेवला, मांडीवर जड होतं. पुढे ऑटोत मंडईला जाणारे बायाबापडे, पोरं, एक बोकड. किल्ल्याच्या पायथ्याशी हे एवढंसं गाव, त्यात जगभराची गर्दी आणि भोंगे.

मामाजींचं अंगण पाहुण्यांनी भरलेलं होतं. साडू लवकर येऊन खुर्चीवर बसला होता, त्याच्या हातात जिलेबीचं ताट. मामाजी मला पाहून उठले, पाणी दिलं, बसा म्हणाले. दरवर्षी हात धरून आत नेतात. काल नेलं नाही. कोणी विचारलंही नाही, काय करता जी. मला ते आवडलं नाही, म्हणजे न विचारणं आवडलं नाही.

आत जाऊन मी डबा स्वातीसमोर ठेवला. तिने झाकण काढलं, कोसा उचलला, तळहातावर हलकेच आपटला. सुलतान बाहेर आला आणि तिच्या बोटांवर बसला. रोडावला म्हणाली. तृप्तीने हात पुढे केला, तो तिच्याही हातावर गेला. मी दाराशी उभा होतो. उजेड यावा म्हणून.

मी म्हटलं, झालं ना समाधान, बॅगा भर, पाचची गाडी आहे. आता भ्यायचं कारण नाही.

ती सुलतानकडे पाहतच म्हणाली, “मी मकडीच्या भेवानं नाही आली इथं. मकडीले मीच खाऊ घालत होती. तुम्ही आमाले आत ठेवून बाहेरून कडी लावली. पोरगी रडून राहिली होती, तरी काढली नाही.”

मी तिला प्रोटोकॉल समजावून सांगितला. सील म्हणजे काय, का करतात, परदेशात कसं करतात. मामाजी दारात येऊन ऐकत होते. माझं बोलणं पूर्ण झालं तेव्हा त्यांनी चपला घातल्या आणि मंडईत निघून गेले. उलट काही बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं.

मग मी म्हटलं, ठीक आहे, तुझी मर्जी, सुलतानला दे, मी निघतो.

ती म्हणाली, “ह्याले राहू द्या. तुम्ही जा.”

सासूबाईंनी जिलेबी बांधून दिली. आईसाठी आहे म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. ऑटोपर्यंत सोडायला कोणी आलं नाही, गर्दीच तेवढी होती.

५ नोव्हेंबर

सुलतानला काही काळ आंबागडला ठेवायचा निर्णय मी घेतला आहे. जंगलाची हवा, खाऊ ताजा. चॅनलचं नंतर पाहू.

आईने आंबागडचं काही विचारलं नाही. बाबांनीही नाही. घरात सगळे माझ्याशी फार नीट बोलत आहेत. आजाऱ्याशी बोलतात तसं. मला राग येतो.

९ नोव्हेंबर, रविवार

परत वर झोपायला आलो आहे. खोलीत भीती वाटेल असं आता काही नाही. तृप्तीची एक चप्पल खाटेखाली राहिली होती, ती वाकून काढली.

संध्याकाळी मीच फोन केला. संकल्प गेला खड्ड्यात. कधी येतेस विचारलं. स्वाती म्हणाली, सुलतान कात टाकून राहिला, आता त्याले हलवता येत नाही. किती दिवस, विचारलं. त्याचं तो पाहील, म्हणाली. मागे तृप्ती कशाला तरी हसत होती, कशाला ते मला कळलं नाही, विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

मी म्हटलं, मग मीच येतो तिकडे. राहतो दोन दिवस.

ती म्हणाली, “मंडई झाली.”