न लागलेला ब्रेक

४ फेब्रु.
सकाळी गाडी सुरू झाली नाही. चावी फिरवली की टक्, बस. ब्रेकचं पेडल दगडासारखं. सगळं वजन टाकलं तरी जाईना. रिक्षाने कॉलेजला. पहिला तास बुडाला.
खालचे गोखलेकाका : "अहो, गाडीला चौथरा बांधा आता, पुतळ्यासारखा. हाराचं आम्ही बघू."

५ फेब्रु.
नारायण पेठेतून सलीमभाई मेकॅनिक आले. बॅटरी उतरलेली. इंजिन चालू होताच पेडल मऊ. "ब्रेकमध्ये काही नाही, मॅडम. बंद गाडीत दोन-तीनदा दाबला की असाच कडक होतो. मग लावायला जोर लागतो." जाताना : "पण बंद गाडीत बसून दाबतंय कोण? दिवेपण चालू राहिलेत."
माहीत नाही म्हटलं. माहीत होतं.

६ फेब्रु.
लवकर घरी. बाबा गाडीत. मागच्या काचेला उन्हाचा पडदा, बाहेरून दिसत नाहीत. एकतीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही. आता माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. पाय मात्र क्लच, ब्रेक, क्लच.
"कुठे निघालात?"
"मांजरी. शेवटची फेरी हाय."
त्यांच्याकडची चावी काढून घेतली. दाराला कुलूप नाही लावलं. तेवढा एक तास ते गेलेल्या आईला हाका मारत नाहीत.

८ फेब्रु.
आमच्या गल्लीत गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक सोडून. ज्याला वाट हवी त्याने ढकलावी. बाबा बसतात तेव्हा तरी ओढून ठेवावा, असं मनात आलं. मग काकांची स्कूटर अडणार. बोलणी. राहिलं.

११ फेब्रु.
दुपारी काकांनी स्कूटर काढायला गाडी मागून ढकलली, रोजच्यासारखी. जरा जास्त सरकली, पुढच्या उताराला लागली. पुढे काकू, हातात भाजीची पिशवी. बाबांनी ब्रेक दाबला. तासभर दाबून दाबून दगड झालेला.
काकूंचं खुब्याचं हाड मोडलं.
दवाखान्यात काका एवढंच : "ते आत बसतात, हे सांगायचं तरी."

१३ फेब्रु.
बाबा जेवत नाहीत. भिंतीकडे तोंड.
"मारला व्हता. लागला न्हाई."
सलीमभाई जे म्हणाले ते समजावून सांगितलं. ऐकलं. मग पुन्हा तेच.

१६ फेब्रु.
काकूंचं ऑपरेशन झालं. चालतील का, डॉक्टर सांगत नाहीत. डबा नेला, काकांनी दारातूनच परत पाठवला. "आमचं आम्ही बघतो."
बाबा आई गेलेली विसरतात, जेवलेलं विसरतात. हे विसरत नाहीत.

१७ फेब्रु.
बाबा खुर्चीत बसून. उजवा पाय फरशीवर दाबलेला, नडगी थरथरतेय.
"बाई कशी हाय?"
"बऱ्या आहेत. बाबा, गाडी तुम्ही चालवत नव्हता."
माझ्याकडे पाहिलं. पाय उचलला नाही.
"मग कोन चालवत व्हतं?"