हातमोजे आणि श्रावणचा बंदोबस्त

३ मार्च, सोमवार
हात पुन्हा पेटले. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटापर्यंत लाल. दवाखान्यात ड्रेसर म्हणून अकरा वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. सुरू कधी झालं? जानेवारीत. जानेवारीत काय झालं? स्टोअरकीपर श्रावणला 'आदर्श कर्मचारी'चं सर्टिफिकेट मिळालं आणि मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं पाहिलं होतं. आम्हाला ग्लोव्हज कोण देतो? श्रावण.

५ मार्च
श्रावण आलापल्लीकडचा. तिकडच्या जंगलात खाजकुइली भरपूर. ग्लोव्हजमधली पांढरी पावडर ही नुसती पावडरच कशावरून?
संकल्प: डोकं थंड ठेवायचं, पण त्याला सोडायचं नाही.
दुपारी त्याच्या खुर्चीचा स्क्रू ढिला केला. स्टॉक तपासायला आलेल्या डॉक्टर रीता मॅडम त्या खुर्चीवर बसल्या. फार लागलं नाही.

१० मार्च
चार दिवस रजा. नागभीडला सासुरवाडीत. हात एकदम साफ. मयुरी म्हणाली, तुम्ही इथी ग्लोव्हज घालत नाई म्हणून. बायकोला माणसांची पारख नाही. इथं श्रावण नाही म्हणून बरं वाटतं, एवढं सरळ आहे.

१२ मार्च
ड्यूटी. अर्ध्या तासात खाज. पुरावा पक्का.
मॅडमनी हात पाहिले. म्हणाल्या, लॅटेक्सची ॲलर्जी आहे, इतक्या वर्षांनीही होऊ शकते. दुसऱ्या प्रकारचे ग्लोव्हज मागवते. ते मिळाले नाहीत तर तुला केसपेपरच्या खिडकीवर बसवावं लागेल.
खिडकीवर! माझ्या हातची पट्टी बांधून घ्यायला लोक दोन गावं ओलांडून येतात. मी नाव, वय, गाव विचारत बसू? मॅडमही त्याला सामील आहेत तर.

२१ मार्च
श्रावण चंद्रपूरहून एसटीनं सहा डबे घेऊन आला. निळे ग्लोव्हज. थेट कपाटात, वर कुलूप. विचारलं तर म्हणे, एंट्री नाई झाली, दोन दिवस थांब. माल महागडा दिसतो. नक्की बाहेर विकणार. सापडला बेटा.

२२ मार्च, सकाळी ७
जिल्ह्याच्या साहेबांना निनावी तक्रार लिहिली. डाव्या हातानं, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. उजवा तसाही खाजवण्यात गुंतला होता. पांढऱ्या ग्लोव्हजचा साठा असताना ही उधळपट्टी कशाला, असा मुद्दा. वजन यावं म्हणून शेवटी टाकलं, 'या दवाखान्यातील एकाही कर्मचाऱ्याला हाताचा कसलाही त्रास नाही.' झकास उतरलं आहे.

२ एप्रिल
साहेब आले. मॅडम रजेवर. श्रावणचा चेहरा पडला. माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस, अकरा वाजेपर्यंत.
मग श्रावणनं मॅडमची चिठ्ठी पुढे केली. ही खरेदी एका कर्मचाऱ्याच्या ॲलर्जीसाठी. त्याचं नाव निकेश. म्हणजे मी. साहेबांनी तक्रार मोठ्यानं वाचली, शेवटच्या वाक्यासकट, आणि माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात पँटच्या खिशात.
श्रावण म्हणाला, "हात दाखव ना बाबू. तुह्यासाठीच त आनले."
दाखवले असते तर तो सुटला असता. मी म्हणालो, मले काही त्रास नाई.
जिंकलो. चौकशी संपेपर्यंत सहाही डबे सील. साक्षीदार म्हणून सही माझीच.

७ एप्रिल
हाताला भेगा. पाणी येतं. पट्टी करत होतो तर पेशंटच म्हणाली, भाऊ, पहिले तुमचे हात दाखवा कोनाले. मॅडमनी साहेबांचा कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, मला त्रास नाही, म्हणून ग्लोव्हज नाहीत. पण असे हात घेऊन ड्रेसिंग रूममध्येही पाय ठेवायचा नाही, म्हणाल्या.

८ एप्रिल
केसपेपरची खिडकी. श्रावणलाही स्टोअरमधून काढलं, तोही इथंच. खुर्चीला खुर्ची लागून.
एका म्हातारीनं पाय पुढे करून विचारलं, पट्टी करनारे निकेशभाऊ कुठी बसते? मी म्हणालो, ते रजेवर आहेत. नाव, वय, गाव लिहून घेतलं.
संध्याकाळपर्यंत श्रावण शेजारी होता. हात एकदाही खाजले नाहीत.