मिस्टर, रविवारी मला बोलावलंत कशाला?

प्रिय मिस्टर,

स्पेनमध्ये कोचला हीच हाक मारतात म्हणे, म्हणून आम्हालाही तुम्ही तीच सवय लावलीत. काल क्लबात तुमची शोकसभा झाली. मला बोलायला उभं केलं, पण चार बरे शब्द काही तोंडातून निघेनात. म्हणून हे पत्र.

तुमची कारकीर्द सगळ्यांनी सांगितली. पन्नासच्या दशकात स्पेनच्या फुटबॉलमध्ये, पहिल्या डिव्हिजनला सेंटर हाफ, मग गुडघा गेला, मग मॅनेजर. सात क्लब, सातही ठिकाणांहून हकालपट्टी! शेवटी इथे जर्मनीत, मुलीपाशी एर्लांगेनला आलात आणि आमच्यासारख्या हौसेनं खेळणाऱ्या इंजिनिअरांना पळवत बसलात.

एक गोष्ट मात्र कुणीच काढली नाही. वडील अत्यवस्थ म्हणून तुम्ही गावी गेलात आणि तुमच्या मॅनेजरनं तुम्हाला फायनलमधून वगळलं. जन्मभर तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडलीत.

मग माझ्याशी तेच का केलंत?

इथे गावात वर्ल्ड कपचे झेंडे लागायला लागले होते. आई पुण्यात आयसीयूत होती, मी तिच्यापाशी. गुरुवारी तुमचा फोन आला, "रविवारी तू हवास मला." वरच्या लीगमध्ये जायची मॅच होती ना! आई म्हणाली, "जा रे, मी कुठे पळून जातेय?" आणि मी आलो. काय माझी अक्कल!

रविवारी अकरा जणांत माझं नाव नव्हतं.

"गुरुवारी ट्रेनिंगला नव्हतास. राखीव म्हणून बस."

"मिस्टर, तुमच्या मॅनेजरनं हेच केलं होतं!" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तुम्ही शांतपणे म्हणालात. "आणि ती फायनल आम्ही जिंकलो."

आपण तीन-शून्य हरलो. मंगळवारी आई गेली.

पुढची तीन वर्षं मी तुमच्याशी बोललो नाही. सुपरमार्केटात दिसलात की ट्रॉली वळवायचो. एकदा तुम्ही मागून हाक मारलीत, मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं का? कोण जाणे. माफी मागणाऱ्यातले तुम्ही नव्हतातच. पुढच्या सीझनबद्दलच काहीतरी बोलला असतात.

आता क्लबनं तुमची टीम मला दिलीय. मी हो म्हटलंय, खरं सांगायचं तर रागाच्या भरात.

एक शब्द देतो. ज्याची आई आजारी आहे त्याला मी फोन करणार नाही, मग दहा जणांना खेळावं लागलं तरी बेहत्तर. आणि तो वेडा आपणहून आलाच, तर मैदानावरूनच त्याला विमानतळावर सोडून येईन. तुम्ही एवढं केलं असतंत, मिस्टर, तर सोमवारी मी आईपाशी पोचलो असतो.

तुमच्या बाकावर बसलेला,
मंदार