नऊ जणांचा तंबू

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा होता तसाच आहे, आईच्या कुंड्या वाढतच चालल्या आहेत, आणि माझ्या लॅबमधला एसी पुन्हा बंद पडलाय. तुम्ही दोघं बरे आहात असं धरून चालते. विचारायला फोन करावा तर तू उचलत नाहीस, आणि घरच्या ग्रुपमधून तू केव्हाच बाहेर पडलीस. म्हणून कागद. माझं अक्षर तुला लागतं, एवढ्या भरवशावर.

आधी कामाचं. दादाची बदली झाली आहे. लांब, तीन वर्षांसाठी, बायकामुलांसकट. तो जायच्या आत सगळ्यांनी चार दिवस तळ्याकाठी तंबूत राहायचं असं आईने ठरवलं आहे. तिचे शब्द: "एकदा सगळी एका छताखाली झोपू दे." तंबू निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कापडातून पाणी झिरपतं का ते तपासते, म्हणून. "तुझंच तर खातं आहे," दादा म्हणाला. दिवसभर रेनकोट तपासणाऱ्या बाईला तंबूतलं कळतं, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं.

तीन आठवडे मी हेच करते आहे आणि आता माझं डोकं उठलं आहे. पहिली गोष्ट, तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा खरा नसतो. 'दहा जणांसाठी' म्हणजे दहा जण कुशीवर, बॅगा बाहेर, आणि रात्री कोणी उठायचं नाही. आपल्याला बारा जणांचा लागेल. दुसरं, सगळे विचारतात पाणी आत येईल का. कोणी विचारत नाही की आतलं बाहेर कसं जाईल. नऊ माणसांचा श्वास रात्रभर कापडावर जमतो आणि पहाटे तोंडावर टपकतो. वर जाळी हवी, समोरासमोर खिडक्या हव्यात. हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं बरं, रंग कुठला आहे?"

रंगापर्यंत ठीक होतं. मग एकामागून एक अटी यायला लागल्या, आणि त्या कोणी पूर्ण वाक्यात सांगेना. आई म्हणाली, मागे एक वेगळी खोली असलेला बघ. कशाला? "असू दे गं, सोय असते." दादा म्हणाला, मधला पडदा जाड हवा. वहिनीने एका तंबूचा फोटो पाठवला. मागच्या खोलीचं कापड काळं, आत उजेड येत नाही, दाराची चेन बाहेरूनही लागते. मी विचारलं, ही खोली कुणासाठी? तिने अंगठा पाठवला. मी पुन्हा विचारलं. तिने हसरा चेहरा पाठवला.

अशा मागण्यांवर मला काम करता येत नाही. पडदा जाड कशासाठी हवा हे कळल्याशिवाय मी पडदा निवडत नाही. कापड पाणी अडवतं, उजेड अडवतं. आवाज अडवत नाही, कितीही जाड घ्या.

हे वाक्य वहिनीला पाठवायला लिहिलं आणि मी थांबले. 'आवाज' हा शब्द मला कोणी दिलाच नव्हता. तो माझाच होता.

मागच्या रविवारी मी सगळ्यांना आईकडे बोलावलं. हॉलमधलं सामान भिंतीला लावलं आणि चिकटपट्टीने जमिनीवर तंबू आखला, खऱ्या मापाचा. एक कोपरा स्वयंपाकघरात गेला. "आता सगळे आडवे व्हा," मी म्हटलं.

"हे काय, पंचनामा आहे का?" बाबा म्हणाले. पण झाले आडवे.

वहिनीने विचारलं, "माझा पाय पट्टीच्या बाहेर जातोय. म्हणजे मी भिजणार?"

"हो."

"आणि हे? हे मधोमध पसरलेत ते?"

"दादा कोरडा राहील."

"लहानपणापासून कोरडाच आहे तो," आई स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातून म्हणाली. मुलं खिदळत होती. खरं सांगते, तेवढी पाच मिनिटं बरी गेली. मग बाबांना तिथेच झोप लागली आणि ते घोरायला लागले. तुला माहीत आहे ते घोरणं. मुलांनी कानात बोटं घातली, आई म्हणाली, "सवय करा." बाबांसाठी मात्र कोणी वेगळी खोली मागितली नाही.

मागच्या आखलेल्या चौकोनात कोणीच झोपलं नव्हतं. मी विचारलं, इथे कोण?

दादा छताकडे बघत म्हणाला, "ताई आणि भावजी. त्यांचीच सोय म्हणून. निवांत झोप लागेल."

ताई, मागच्या सहलीत त्या भाड्याच्या बंगल्यातल्या रात्री मी नव्हते, कामासाठी गावाबाहेर होते. मला कळलं ते इतकंच, की भावजी झोपेत ओरडत उठले, मुलं रडली, आणि उजाडायच्या आत तुम्ही दोघं निघून गेलात. पुढची हकीकत प्रत्येकाची वेगळी, आणि प्रत्येकीत सांगणारा निर्दोष. पण भावजी कशाने ओरडतात ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्तीला गेलेले भावजी दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टच्या टपावर अडकले होते, अंधारात, बाहेरून कोणी दार उघडेपर्यंत. ते मी हॉलमध्ये बोलले. म्हटलं, "अंधार, कोंडी आणि बाहेरून लागणारं दार. आपण तीच जागा त्यांच्यासाठी विकत घ्यायला निघालोय. वर म्हणतोय, त्यांची सोय."

दादा उठून बसला. "तुला बोलायला काय जातं? तू होतीस का तिथे?"

"नव्हते. म्हणून विचारते आहे."

"हळू, बाबा झोपलेत," आई म्हणाली. आपल्या घरात हे नेहमी वेळेवर येतं.

शेवटी वहिनी बोलली, आडवीच, पाय पट्टीच्या बाहेर. "मुलं घाबरली होती गं. मीसुद्धा. मीच म्हटलं होतं, त्यांना गाडीत झोपवू या का म्हणून. दार उघडं होतं. ताईंनी ऐकलं." मग म्हणाली, "वाईट म्हणून नव्हते बोलले. पण बोलले."

मी तिच्यावर चिडायला हवं होतं. चिडले नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी अट सरळ मांडली होती: मुलं घाबरतात. यावर काम करता येतं. मुलांना आधी सांगून ठेवता येतं, त्यांना वहिनीजवळ दुसऱ्या टोकाला झोपवता येतं. ज्याला बाजूला जाऊन झोपायचं असेल त्याने जावं, पण स्वतःच्या पायांनी. मी पडदा नसलेला तंबू शोधून काढला आहे. एकच मोठी जागा, दोन बाजूंना दारं, छताला जाळी, आडवं पडून आकाश दिसेल अशी. दादा नाखूश आहे. तो नाखूश राहू शकतो.

पण अजून तो घेतलेला नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने भावजींची सोय ठरवली, मी धरून. त्यांना कोणी विचारलंच नाही. लॅबमध्ये मी असा अहवाल परत पाठवला असता.

म्हणून पुढचं त्यांना आहे. हे पत्र वाचून दाखवू नकोस, त्यांच्या हातात दे.

भावजी, तुम्हाला दाराजवळची जागा हवी की मधली? रात्री दार उघडं हवं का? दिवा? तुम्ही ओरडत उठलात तर आम्ही हाक मारायची, हात लावायचा, की काहीच करायचं नाही? आणि तंबूच नको असेल तर तसं लिहा. मी ते उत्तर आईला जसंच्या तसं सांगेन.

ताई, तुला यायचं आहे का, हे मी सबंध पत्रात विचारलेलं नाही, लक्षात आलं असेल. नाही म्हणालीस तर मी आग्रह करणार नाही. वहिनीला माफ कर असंही मी म्हणणार नाही, ते माझं काम नव्हे. तुम्ही आला नाहीत तर मीही जाणार नाही. ही धमकी नाही, माहिती आहे. दादाला मी अजून सांगितलेलं नाही.

फोन केलास तरी चालेल. कामात असले तरी उचलेन.

तुझीच,
धाकटी