तांब्या घेऊन फिरायला

मु. करैयाताल, जि. झाशी
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. गोपाळराव यांस,

दामोदरचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घालतो आहे, कारण खरोखर घातला तर मला उठवायला माणूस बोलवावं लागेल). तुमचा खोकला कसा आहे? वहिनींच्या डोळ्याचं काम उरकलं का? इकडे आम्ही ठीक. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण तुमची बहीण. सांगलीचा फोन आला की ती तो स्पीकरवर टाकते आणि शेजारी भाजी निवडत बसते, त्यामुळे गेल्या कित्येक महिन्यांत मी तुमच्याशी हवापाण्यापलीकडे काहीही बोलू शकलेलो नाही. आज ती शेजारच्या शारदाभाभींकडे गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो.

तुम्ही पावसाळ्यात तिला तुमच्या कॉलनीतल्या बागेचा फोटो पाठवलात. हेतू चांगला असेल, पण गोपाळराव, तुम्ही माझ्या संसारात काडी टाकलीत. लाल मातीची गोल वाट, कडेला बाकं, आणि त्यावरून पांढरे बूट घालून चाललेल्या बायका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अनुसूयाला रोज चालायला सांगितलंय, नाहीतर गुडघा पुन्हा धरेल. आणि आमच्या गावात चालायला जागा नाही. मोठ्या रस्त्याने मऊरानीपूरकडचे ट्रक जातात, त्यांना माणूस दिसत नाही. राहता राहिला तळ्याचा बांध. सुंदर आहे, सावली आहे, पण मोटरसायकलवाल्यांनी त्याची जवळची वाट करून टाकलीय. एकाने तिच्या पदराला हँडल घासून नेलं, तेव्हापासून ती गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारते आणि चक्कर आली की कठड्याला धरून उभी राहते. मग तिने तुमचा फोटो माझ्यापुढे धरला आणि शांतपणे सांगितलं की दिवाळीपर्यंत इथे चालायची सोय झाली तर बरं, नाहीतर घर विकून सांगलीला जायचं. ती भांडली असती तर मी निर्धास्त राहिलो असतो. शांतपणे बोलली म्हणून माझी झोप गेली.

मला इथून जायचं नाही, हे तुम्हाला स्पष्टच सांगतो. कारखान्यातली नोकरी संपल्यावर झाशीची कॉलनी सोडून हे घर बांधलं ते तळ्यासाठी. इथे भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे मला दादा म्हणतात. सांगलीत मी कोण? गोपाळरावांचे मेहुणे. (तेही मानाचं पद आहे, गैरसमज नको.)

तेव्हा मी ठरवलं, आधी आपण रोज बांधावर चालायचं, म्हणजे लोक बघतील, येतील, वर्दळ झाली की मोटरसायकलवाले आपोआप हटतील. योजना कागदावर उत्तम होती. पण मी या गावच्या मायेचा हिशेब धरला नव्हता. इथे ओळखीचा माणूस पायी जाताना दिसला तर त्याला गाडीवर न घेणं म्हणजे त्याचा अपमान. मी कोपऱ्यापर्यंत जातो न जातो तोच कुणीतरी ब्रेक मारायचा, “काए दादा, पैदल काए जा रए? बैठो।” नाही म्हटलं तर चेहरा पडायचा. बसलो तर तो घरी नेऊन चहा पाजायचा, वर गरम जिलेबी, आणि मग मला घराच्या दारात सोडून जायचा. फिरायला निघालेला मी रोज आधीपेक्षा जड होऊन परत येत होतो. एकाला सांगितलं की तब्येतीसाठी चालतोय. संध्याकाळी आमच्या ओसरीवर माणसं मावेनात. एकाने झाशीच्या हृदयविकाराच्या डॉक्टरचा पत्ता आणला, एकाने भभूत, म्हणजे आपला अंगारा. अनुसूया सगळ्यांना सरबत देत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मग सायकल घेतली. सायकलवर लिफ्ट कोण देणार, असा माझा हिशेब. आठवडाभरात हैदराबादहून तेजसचा फोन. गावातल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं की तुमच्या वडिलांची पेन्शन बंद झालेली दिसते, मुलगा म्हणून लक्ष घाला. बिचाऱ्याने पैसे पाठवले. (परत पाठवले. तुम्हाला वाटेल तसा मी नाही.)

आता खरी गोष्ट सांगतो, ती तुमच्यापर्यंत पोचली नसेल अशी आशा आहे, कारण तिचा फोटो बराच फिरलाय. माझ्या लक्षात आलं की शारदाभाभी रोज पहाटे पायी महादेवाला जातात आणि त्यांना कुणीही थांबवत नाही. का? तर हातात पाण्याचा तांब्या. देवाला पाणी घालायला निघालेल्याला गाडीवर बसवत नाहीत, त्याचं पुण्य कमी होतं. मला इतका आनंद झाला की मी आपला लग्नातला तांब्या चिंचेने घासला. दुसऱ्या दिवशी पहाटे तांब्या भरून, नवे बूट घालून बांधावर गेलो. खरंच कुणी थांबवलं नाही. कधी नव्हे तो अर्धा बांध चाललो. हवा गार, पाण्यावर बगळे, डोक्यात कारखान्याच्या दिवसांसारखा उत्साह. तेवढ्यात बुटाची नाडी सुटली. तांब्या खाली ठेवला आणि एका झुडपाच्या आडोशाला बसून नाडी बांधू लागलो.

बूट घालून, तांब्या घेऊन जाणारा माणूस देवाकडे निघालेला नसतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. नगर पंचायतीने उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला माणसं नेमली आहेत. चारी बाजूंनी शिट्ट्या वाजल्या. मी घाबरून उठलो, तांब्या लवंडला, आणि कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. (ही त्यांची पद्धत. शिक्षा म्हणून हार घालतात आणि फोटो काढतात.) मी नाडी दाखवत होतो, ते हसत होते. तोवर त्यांच्यातल्या एकाने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा माझ्याहून वाईट झाला. पण फोटो तोवर गावभर गेला होता. गोपाळराव, आयुष्यभर कारखान्यात माझ्या सहीशिवाय एक नट हलला नाही. त्या दिवशी मी दारं लावून घेतली आणि मनात म्हटलं, चला सांगलीला.

संध्याकाळी नगर पंचायतीचे अध्यक्ष आले, सुबोधजी. भला माणूस, हात जोडून उभा. माफी मागितली, मिठाई आणली, त्या माणसांना माझ्यासमोर रागावतो म्हणाले. मी जाऊ द्या, जाऊ द्या करत होतो. (बांधाबद्दलचे माझे अर्ज याच माणसाच्या टेबलावर पडून होते आणि त्या क्षणी मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. असा मी मुत्सद्दी.) तेव्हा आतून अनुसूया आली. एका हातात चहाचा कप, दुसरा हात भिंतीला. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “भैया, माफी रहने दो। बाँध पे सबेरे-शाम गाड़ी बंद करवा दो। मुझे चलना है।”

सुबोधजींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्याकडे, आणि चहा न पिताच फोन लावला. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. मी चष्मा पुसतोय असं दाखवलं.

आता बांधाच्या तोंडाशी आडवा खांब आहे. सकाळ-संध्याकाळ तो खाली असतो. शिट्टीवाले आता मोटरसायकली अडवतात आणि फार खूश आहेत, कारण त्यात मान जास्त. दोन बाकं आली आहेत. पहिल्या दिवशी अनुसूया आणि शारदाभाभी होत्या, आता गल्लीतल्या निम्म्या बायका असतात. मला गाडीवर बसवणारे पुरुष खांबापाशी गाड्या लावून चालतात, आणि मध्येच कुणी घाईने जाताना दिसला तर सवयीने त्याला हाक मारतात. माझी सायकल शारदाभाभींनी नेली. पन्नाशी उलटल्यावर शिकताहेत, सून मागून धरते, दोघी पडतात आणि हसत उठतात. सुबोधजी म्हणतात पुढच्या वर्षी तळ्याला पूर्ण वेढा घालणारी वाट करू. होईलसं वाटतं. सकाळच्या पाळीला खांबापाशी माणूस कमी पडतो म्हणून शिट्टी माझ्याकडे दिली आहे, त्यामुळे माझं स्वतःचं चालणं बंद झालंय, पण कुणाला सांगू नका. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
दामोदर

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दिवाळी जवळ आली आणि अनुसूया सांगलीबद्दल हो की नाही, काहीच बोलत नाही. विचारायची माझी छाती होत नाही. रोज दुसऱ्या बाकापर्यंत जाऊन बसते आणि परत येते, तेवढ्यावर तिचं समाधान होत असेल असं वाटत नाही. तेव्हा कृपा करून तिला फोनवर सांगा की तुमची बाग ड्रेनेजच्या कामासाठी खणलीय आणि वर्षभर बंद आहे. एवढं खोटं माझ्यासाठी बोला.

ता. ता. क. पत्र वाचून फाडा. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवतो आहे, घरात डिंक नाही. टाकायला अनुसूयाच्याच हाती देतो, मला शिट्टीची पाळी आहे.

दादा,

भाताच्या शितांनी चिकटवलेलं पाकीट यांनी मला टाकायला दिलंय. ओलंच होतं, आपोआप उघडलं. तू खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही, लहानपणापासून. मी कुठेही येत नाही. दिवाळीला तूच वहिनीला घेऊन ये, बांध दाखवते.

दुसऱ्या बाकाचं खरं नाही. झाडं आड येतात, यांना खांबापासून पुढचं दिसत नाही. काल मी बांधाच्या त्या टोकापर्यंत जाऊन आले. दुखलं, पण गेले. अजून सांगितलेलं नाही. मला बरं वाटतंय असं कळलं तर हे शिट्टी खाली ठेवतील आणि पुन्हा पेपर घेऊन घरात बसतील. मी परत येताना दिसले की यांचा चेहरा कसा होतो ते मला रोज बघायचंय.

पोस्ट गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. वाटेत तिघांनी गाडी थांबवली. नाही म्हटलं. चालतच आले.

अनुसूया